करवती किनारीचं कुलूप

पहिल्याच वाक्यात सांगून टाकते: मला माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा भयंकर राग येतो. पुढे कुठे मी समजूतदार वाटले, तर ती ऑफिसची सवय समजावी. एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसून सत्तावीस वर्षं मी लोकांना ‘आपला दावा मंजूर करता येत नाही याचा खेद वाटतो’ अशी पत्रं पाठवत आले आहे. खेद मला एकदाही वाटला नाही. हा राग मात्र अस्सल आहे, आणि तो कमी व्हावा म्हणून मी लिहायला बसलेली नाही.

माणूस दिसायला सभ्य. इस्त्रीचा शर्ट, केसांचा भांग नीट, बोलताना सारखं आई, ताई, भाऊजी. आवाज कधी चढवत नाही. बहिणीला तो नुसता प्रश्न विचारायचा. भाजी आणायला सात मिनिटं लागतात, तुला एकोणीस का लागली. फोन व्यस्त होता, कोण होतं. शेजारीण हसत होती, तू तिला काय सांगितलं. उत्तर पटलं नाही की हात उचलायचा, आणि मग पुन्हा शांतपणे तोच प्रश्न. सहा वर्षं तिने उत्तरं दिली. सातव्या वर्षी एका सकाळी तो कामावर गेल्यावर तिने एक बॅग भरली आणि घराबाहेर पडली.

ती कुठे गेली हे दोघींनाच माहीत होतं. एक आमची आई, जी नागपुरात नंदनवन भागात एकटी राहते. दुसरी मी, मनीषनगरात. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नव्हतं. तो चांगला माणूस आहे, पण पानठेल्यावर उभा राहिला की त्याच्या पोटात काही राहत नाही. बहीण रामटेकला होती. तिथल्या एका शाळेच्या मुलींच्या वसतिगृहात तिला देखरेखीचं काम मिळालं होतं, आणि त्याच इमारतीत एक खोली. तो शोधेल तर पुण्यात, हैदराबादेत शोधेल, तासाभरावरच्या गावाचा त्याला संशय यायचा नाही, असं माझं डोकं. ते तेवढं बरोबर निघालं. रामटेक त्याच्या डोक्यात कधीच आलं नसतं.

तिने नवा नंबर घेतला आणि तो आम्हा दोघींनाच दिला. आईशी ती रोज बोलायची. आईला टाईप करायचा कंटाळा, म्हणून दोघी एकमेकींना आवाज पाठवायच्या. सकाळी काय केलं, मुली काय म्हणाल्या, डाळ कशी पातळ होती. बहीण फोटो टाकायची: खिडकीतून दिसणारा गड, दोरीवरचे कपडे, ताट. आई एकेक फोटो मोठा करून पाहायची आणि मला दाखवायची. या वयात पोरीचं घर मोडलं याचं दुःख तिला होतंच, पण पोरगी हसून बोलायला लागली होती, आणि आई त्यावर जगत होती.

आता कुलपाविषयी.

आम्ही विणकरांच्या घरातल्या. बाबांचा माग उमरेडला होता. ते टसरच्या साडीला करवती किनार विणायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, साडीच्या काठावर करवतीच्या पात्यासारखे दाते असतात, एकाला एक लागून, थेट पदरापर्यंत. त्याला आडवा धागा नेणारे तीन लाकडी धोटे लागतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि ते एकमेकांत अडकवत न्यावे लागतात. एक दाता चुकला की पुढचा सगळा काठ वाकडा दिसतो. आई धोट्यांत बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची, आणि बाबा जेवायला उठले की मागावर बसायची. हिचा दाता माझ्याहून सरळ येतो, असं बाबा लोकांसमोर कबूल करायचे. पुढे माग विकला. बाबा नागपुरात कापडाच्या दुकानात लागले, आम्ही शिकलो, नोकऱ्या लागल्या. त्या काळातला एक धोटा उरला आहे, तो आईने देवघरात ठेवला आहे.

बाबा गेल्यावर मी आईला स्मार्टफोन घेऊन दिला. कुलूप लावायचं तर आकडे तिच्या लक्षात राहीनात. बोटाचा ठसा फोन घेईना, कारण सूत हाताळून आणि भांडी घासून तिच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. मग मी नऊ ठिपक्यांचं कुलूप काढलं आणि म्हटलं, ह्या ठिपक्यांतून तुला जे काढता येईल ते काढ. तिने थोडा वेळ पाहिलं आणि बोट फिरवलं. कोपऱ्यातून वर, वरून खाली, पुन्हा वर. नऊ ठिपक्यांत करवतीचा दीडच दाता मावतो. तो काढून ती जी हसली, ते मला इतकं आवडलं की त्याच दिवशी माझ्या फोनलाही मी तेच कुलूप लावलं. मग बहिणीच्या. मग माझ्या मुलीच्या. घरात कुणीही कुणाचा फोन उचलावा, किनार काढावी आणि उघडावा. आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, असं मी ऑफिसात सांगत फिरायची.

आणि बहिणीच्या साखरपुड्यात, पन्नास माणसांसमोर, मी तो मान नव्या जावयाला दिला. कुणीतरी म्हणालं, आईच्या फोनवर एक फोटो काढा. फोन त्याच्या हातात होता. तो म्हणाला, लॉक आहे. मी त्याच्याजवळ जाऊन बोट फिरवून दाखवलं आणि मोठ्याने म्हटलं, “ही आमच्या घरची किनार. आमच्यातला कोणाचाबी फोन घ्या, हेच काढा, उघडते. तुम्ही आता घरचेच झाले.” सगळे हसले. आईला भरून आलं. त्यानेही दोनदा काढून पाहिली, नीट जमेपर्यंत. हे खरं आहे आणि ते मीच केलं.

गंमत अशी की आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा सायबर सुरक्षेची शपथ होते आणि ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझा आवाज मोठा. मी अनोळखी लिंक उघडणार नाही. मी अनोळखी व्यक्तीला ओटीपी सांगणार नाही. मी अनोळखी क्रमांकावर विश्वास ठेवणार नाही. सगळे माझ्यामागून म्हणतात आणि मग समोसा मिळतो. कुणाला फोन लावावा तर घंटी वाजायच्या आधी तेच, अनोळखी, अनोळखी. बँकेच्या भिंतीवर तेच, सोसायटीच्या ग्रुपवर तेच. ओळखीच्या माणसाचं काय करायचं, पाया पडून घरात शिरणाऱ्याचं काय करायचं, यावर कुठे एक ओळ नाही. लिहिणारही नाहीत. ती ओळ लिहायची तर घराघरांतल्या नवऱ्यांना, दिरांना, भावांना ती लागू होईल, आणि मग समोसा कोण खाईल.

बहिणीला जाऊन चार महिने झाले आणि धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा जास्तीचा महिना म्हणजे जावयांची चंगळ. सासूने त्यांना बोलवायचं, जेवू घालायचं, तेहतीस अनारसे द्यायचे. आईने माझ्या नवऱ्यासाठी अनारशांचं पीठ करून ठेवलं होतं. एका दुपारी बेल वाजली आणि दारात हा. हातात संत्राबर्फीचा डबा, खांद्याला ऑफिसची बॅग. वाकून पाया पडला, आत येऊन बसला आणि डोळे पुसले.

“आई, तिचं-माझं काय व्हायचं ते होईल. पण मी अजून तुमचा जवाई आहे का नाई? धोंड्याच्या महिन्यात मले रिकाम्या हातानं पाठवाल का?”

ती कुठे आहे हे त्याने विचारलं नाही. चार महिने बायको बेपत्ता असलेला माणूस सासूकडे येतो आणि बायको कुठे आहे हे विचारत नाही, एवढ्यावरून आम्हाला काहीतरी कळायला हवं होतं. आई आत गेली आणि तिने तुपाची कढई चढवली. ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना माहीत आहे, अनारसा तुपात सोडला की गॅसपासून हलता येत नाही. जरा नजर गेली की तो हसतो, म्हणजे त्याची जाळी सुटून तो तुपात पसरतो. मोठ्या कढईत दोन, फार तर तीन. तेहतीस व्हायला तिला चांगला तासभर लागला. फोन बाहेर दिवाणावर चार्जिंगला लावलेला होता.

संध्याकाळी आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला झापलं.

“काहून घरात घेतलं त्याले?”

“दारात आलेला जवाई परत पाठवू का वं? महिना कोणता हाय?”

“त्यानं मारलं तिले, आई.”

“मले माहीत हाय. म्हणून तर मी त्याले काहीच सांगतलं नाई. अनारसे देले, झालं.”

मीही विषय सोडून दिला. आईने तोंड उघडलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं मला वाटलं.

आठवड्याभराने बहिणीच्या नव्या नंबरावर पहिला मेसेज आला. ‘पाय कसा आहे? नुसती हळद लावू नको, डॉक्टरला दाखव.’ दोन दिवसांपूर्वी ती वसतिगृहाच्या पायरीवरून घसरली होती. मग दुसरा. ‘ओला टॉवेल खिडकीत नको टाकत जाऊ, कुबट वास येतो.’ तिसरा, चौथा. तिला त्या दिवशी ताप होता, हे त्याला माहीत. तिने मुलींबरोबर भेंडी चिरली, हे त्याला माहीत. एकाही मेसेजात धमकी नाही, शिवी नाही. कुणालाही दाखवला असता तर तो म्हणाला असता, किती काळजी करतो नवरा. बहिणीला जेवण जाईना. ती मला फोन करायची आणि कुजबुजत बोलायची, जणू तो पलंगाखाली आहे.

“ताई, पायाचं मी फक्त आईले सांगतलं. टॉवेलचा फोटो फक्त आईले टाकला. फक्त आईले.”

मी म्हटलं, असं कसं असेल. पण मनात माझंही तेच सुरू झालं होतं. तिने आईलाही आवाज पाठवून तसं विचारलं, आणि आई शपथा घेत, रडत नाही म्हणत राहिली.

मग तो रविवार आला. रविवारी वसतिगृहात मुलींचे आईवडील भेटायला येतात, फाटक उघडं असतं. हा त्यांच्यात जाऊन बसला. चौकीदाराशी गप्पा मारल्या. आलेल्या बायांना सांगितलं की बायको रुसून इथे येऊन राहिली आहे, समजूत काढायला आलो. बाया हसल्या, कुणी म्हणालं, नशीबवान आहे तुमची मिसेस. बहीण दुपारच्या फेरीला बाहेर आली तेव्हा तो पोरींना डब्यातून काहीतरी वाटत होता. तिला पाहून उठला आणि डबा पुढे केला.

“चाल, घरी जाऊ. आईनं तुह्यासाठी अनारसे पाठवले.”

तिने डब्यात पाहिलं. आईच्या हातचा अनारसा आम्हाला अंधारातही ओळखू येईल, खसखस ती दोन्ही बाजूंना लावते. बहीण मागे फिरली. वर गेली, खोलीला आतून कडी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाहेर आली नाही. तो चार वाजेपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिला आणि जाताना चौकीदाराला सांगून गेला, पुढच्या रविवारी येतो. वसतिगृहाच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, पण म्हणाल्या, मुलींची जागा आहे, घरचं भांडण फाटकावर नको, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे सोय बघा. म्हणजे त्याने अंगाला बोट न लावता तिची नोकरी घालवली आणि खोलीही. आणि आईही, कारण त्या दिवसापासून तिने आईच्या आवाजाला उत्तर देणं बंद केलं.

मी दहा-बारा दिवस धुमसत राहिले आणि मग एका सकाळी ऑफिसला न जाता नंदनवनात गेले. आई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी चप्पलही काढली नाही. मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, एकच वाक्य लिहिते, कारण ते मला रोज ऐकू येतं.

“तुले जवाई पाहिजे. पोरगी मेली तरी चालते.”

ती शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, “मी नाई सांगतलं.”

“मग अनारसे चालत गेले का रामटेकले?”

“त्याच्यासाठी तळले होते. त्यानं तिथी नेले.” तिने हात पदराला पुसले, फोन उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. “पाहून घे.”

आणि मी पाहिलं. ही माझी दुसरी लाज. आई म्हणते नाही, एवढं मला पुरलं नाही. मी किनार काढून तिचा फोन उघडला आणि चोराचा तपासावा तसा तपासला. लागलेले फोन, आलेले फोन. त्याचा नंबर कुठे नाही. मला वाटलं, पुसला असेल. जी बाई फोन सायलेंटवर गेला तर मला बोलावते, ती नंबर पुसते असं मला वाटलं. बहिणीला तिने पाठवलेले आवाज होते, एकाखाली एक, बहिणीचं उत्तर एकालाही नाही. मी एक लावला. “जेवली का वं? मी त्याले काही नाई सांगतलं बाई. देवघरातल्या धोट्याची शपथ.” पुढे नुसता पंख्याचा आवाज. मी दुसरा लावला नाही.

त्याचे मेसेज लपवले आहेत का ते शोधायला मी व्हॉट्सॲपच्या एकेका पानात शिरत होते. एका पानावर लिहिलं होतं की हे खातं आणखी एका ठिकाणी उघडं आहे. एक कॉम्प्युटर. शेवटचं चालू होतं आज, अकरा वाजून पाच मिनिटांनी. मी घड्याळ पाहिलं, साडेअकरा होत होते. आईच्या घरात कॉम्प्युटर नाही. शेजारीही नाही.

मला कळायला फार वेळ लागला नाही. दिवाणावरचा फोन, आत तुपाची कढई, आणि त्याच्या बोटात माझी किनार. आईचं व्हॉट्सॲप आपल्या बॅगेतल्या कॉम्प्युटरला जोडायचं दोन मिनिटांचं काम होतं, त्याला तासभर मिळाला. त्या दिवसापासून आई आणि बहिणीचा एकेक शब्द, एकेक फोटो त्याच्या टेबलावर उघडत होता. खिडकीतला गड पाहून गाव कळलं, दोरीवरच्या गणवेशावरून शाळा कळली. हे त्याने केलं तेवढ्यासाठी मी त्याला फक्त नीच म्हटलं असतं. पण बहीण आईवर संशय घेते आहे हेही त्याला तिथेच कळत होतं. आई शपथा घेते आहे, रडते आहे, हे तो ऐकत होता. आणि ते ऐकून, विचार करून, त्याने आईच्याच हातचे अनारसे डब्यात भरले आणि रामटेकला नेले. मायलेकींमध्ये जो धागा उरला होता तो तोडायला दुसरं काही चाललं नसतं. अशा माणसाला मी काय म्हणू, शब्द माझ्याकडे आहेत, पण ते छापण्यासारखे नाहीत.

मी त्याच क्षणी तो कॉम्प्युटर काढून टाकला. बटण दाबलं, गेला. रागात फोटो काढून ठेवायचं सुचलं नाही. दावा नाकारताना कागद आधी, बोलणं नंतर, हे सत्तावीस वर्षं लोकांना सांगणारी मी.

पोलिसांत गेले तेव्हा समोरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मेसेज वाचले आणि म्हणाला, यात वाईट काय लिहिलं आहे. नवरा बायकोला भेटायला गेला, मारहाण केली का. नाही. बरं, फोनचं. पुरावा काय. मी म्हटलं, काढून टाकला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“लॉक तोडलं का त्यानं?”

“नाही.”

“मग उघडलं कसं?”

“मी शिकवलं होतं. साखरपुड्यात.”

त्याने पेन खाली ठेवलं. अर्ज घेतला, शिक्का मारून दिला, आणि पुढे त्याचं काही झालं नाही. मला त्या माणसाचा राग आला, पण घरी येताना रिक्षात मला जाणवलं की त्याने विचारलेला एकही प्रश्न चुकीचा नव्हता.

आईची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. ती म्हणाली, “राहू दे. उशीर होऊन राहिला ना तुले ऑफिसला?” एवढंच. तिच्या फोनला मी आकड्यांचं कुलूप लावलं आणि आकडे एका चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी धोट्याखाली ठेवते. फोन वाजला की घेता येतो, पण उघडायचा झाला की आधी तिचं बोट त्या आकड्यांवरून वर, खाली, वर असं फिरतं. फोन नाही म्हणतो. मग ती उठते, देवघरात जाते.

महिनाअखेरीला बहिणीने रामटेक सोडलं. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी आईकडे होते. माझ्या फोनवरून तिला लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं मी तिला आधीच सांगितलं होतं. पहिली काही मिनिटं ती नुसती रडली. मग म्हणाली, “आई, माह्यं चुकलं वं. तुह्यावर मी असा कसा संशय घेतला. आता आईक, मी उद्या इथून...”

“नको सांगू.” आई म्हणाली.

“काहून? तुह्याकडून काही गेलं नव्हतं.”

“मले माहीत हाय. पण उद्या तो दारात येईन. पाया पडन. अन् मी त्याले बसा म्हनीन, चहा ठेवाले आत जाईन. मले माह्या हाताची सवय माहीत हाय, बाई. मले नको सांगू कुठी चालली.”

मला आईचा संताप आला. झाडू घे आणि हाकल त्याला, असं मी म्हणणार होते. पण तिने ते हिशोब सांगावा इतकं शांतपणे सांगितलं होतं. सत्तरीची बाई स्वतःला ओळखते, आणि तिला स्वतःचा भरवसा वाटत नाही. हे त्याने तिचं केलं. फोन मी नवा घेऊन देईन, कुलूप नवं लावीन, पण हे कुठून आणून देऊ.

“मग ताईले सांगून ठेवते,” बहीण म्हणाली.

मी म्हटलं, “मलेबी नको.” ज्या बाईने पन्नास माणसांसमोर त्याला घराची किल्ली दिली, तिला पत्ता कशाला हवा.

हे होऊन सात महिने झाले. परवा एका लग्नात तो दिसला. ताटात जिलेबी, खांद्यावर कुणाचं तरी लेकरू. मला पाहून हात जोडले, “नमस्कार ताई, आई बऱ्या आहेत?” लोक पाहत होते. मी उत्तर दिलं नाही, तर माझ्या मागे बसलेल्या बाया कुजबुजल्या की थोरली फार खडूस आहे. तो कुठल्याही घरात चालतो. आणखी दोन वर्षांनी पुढचा धोंड्याचा महिना येईल तेव्हा तो आमच्या दारात बर्फी घेऊन उभा असेल, याची मला खात्री आहे.

बहीण रविवारी फोन करते, दर वेळी वेगळ्या कुणाच्या तरी नंबरावरून. दोन मिनिटं. मी असले तर मी फोन आईच्या कानाला लावते. आई विचारते, “जेवली का वं?” पलीकडून आवाज येतो, “हाव.” पूर्वी आईचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, काय भाजी होती, कुणी केली, तिखट होती का. आता तो ती विचारत नाही. भाजीवरून गाव कळतं.